घरातली ओल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण मुक्ताईनगरात जुन्या दगडी घरांत आपल्यापैकी पुष्कळजणी राहतात, म्हणून माझी झालेली चूक सांगते. तुमची तरी टळावी.

आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची, लोणा धरायचा. सासूबाई म्हणत, "अगं, आधी पाणी कुठून येते ते बघ." मी ऐकले नाही. भिशीचे पैसे घालून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. वर्षभर भिंत छान दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात ओल कमरेच्या वर चढली. भिंतीशी ठेवलेली दोन पोती ज्वारी बुरसली. सासूबाईंची खाटही तिथेच. त्यांचा खोकला रात्रभर थांबेना. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, याचेच वाईट वाटले.

मग एका जुन्या गवंडीदादांनी समजावले. आपला काळा दगड पाणी फारसे पीत नाही. सांध्यांतली माती पिते. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि तेच भिंतीत चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून जाते. सिमेंट वाट अडवते, म्हणून ओल आणखी वर जाते.

बाहेर पाहिले, तर बोळातली माती साचून जोत्याच्या वर आली होती आणि मोरीचे पाणी भिंतीशीच मुरत होते. माती उपसली, मोरीला नळ जोडून पाणी गटारात सोडले, बोळाला दर चार फुटांस एक इंच उतार दिला. दिवाळीनंतर सिमेंट काढून भिंत उघडी ठेवली. फाल्गुनात भिजवून मुरवलेला चुना एक भाग व वाळू तीन भाग असा गिलावा केला, आणि तो भरभर वाळू नये म्हणून आठवडाभर ओले गोणपाट लावले. चुना कालवताना मुलांना लांब ठेवा. डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याची भीती असते.

पायाशी थोडी ओल अजून दिसते, खोटे कशाला सांगू? म्हणून पोती आता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर असतात. पण सासूबाईंना रात्री झोप लागते.

भगिनींनो, गिलाव्याला पैसे घालण्याआधी एकदा घराभोवती फिरून पाहा, एवढेच माझे सांगणे.