माल, माणूस आणि पहारा

(वाहतूक क्षेत्रातील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'वाहतुकीची सुरक्षा : शासनाचे आणि उद्योगाचे धोरण' असा विषय आपण मला दिला आहे. मी काही पोलीसखात्याचा जाणकार नव्हे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले आणि त्यातली तीसेक वर्षे लोकलमध्ये उभे राहून कॉलेज गाठले, एवढाच माझा अधिकार. तेव्हा अर्थशास्त्रातला एक जुना प्रश्न मी या विषयाला लावून पाहणार आहे. संरक्षण कोणाचे, त्याचा खर्च कोणाच्या माथी आणि उरलेली जोखीम शेवटी कोणाच्या पदरात?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या कायद्यातच लिहून ठेवलेले आहे. रेल्वे सुरक्षा दलाचा कायदा १९५७ सालचा. रेल्वेच्या मालमत्तेचे संरक्षण हा त्याचा हेतू. मालाच्या यार्डात आणि गोदामांवर 'वॉच अँड वॉर्ड'चे जे पहारेकरी असत, त्यांचाच हा वारसा होता. १९६६ साली रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखाली चौकशी करण्याचा अधिकार या दलाला मिळाला. १९८५ साली त्याला केंद्राच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला आणि त्याच दुरुस्तीने दलातील शिपायांच्या संघटना-स्वातंत्र्यावर बंधने आली. मात्र प्रवाशांचे संरक्षण हे या दलाचे कर्तव्य आहे, ही गोष्ट कायद्यात आली २००३ च्या दुरुस्तीने, आणि ती अमलात आली १ जुलै २००४ रोजी. स्वतंत्र भारताच्या रेल्वेला आपल्या दलाच्या कायद्यात 'प्रवासी' हा शब्द लिहायला सत्तेचाळीस वर्षे लागली.

प्रवाशांसाठी राज्यांचे लोहमार्ग पोलीस होते आणि आहेत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण त्यांचा खर्च रेल्वेने आणि राज्याने निम्मा-निम्मा उचलायचा, अशी ही व्यवस्था. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी या पोलिसांची गत झाली. चोरी, मारहाण, खून यांचा गुन्हा नोंदवायचा तो त्यांनीच. फलाटावर गणवेशात दिसणारा दुसरा शिपाई मात्र केंद्राचा. सामान्य प्रवाशाला हा भेद कळत नाही, आणि त्याला तो कळण्याची गरजही पडू नये.

आता त्याच १ जुलै २००४ या तारखेला जगात दुसरे काय घडले ते पाहा. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची जी संहिता केली, ती त्याच दिवशी जगभर लागू झाली. प्रत्येक बंदराला सुरक्षा अधिकारी नेमावा लागला, कुंपणे घालावी लागली, सुरक्षेचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागला. आपली बंदरे याला अपवाद नव्हती. संहिता पाळली नाही तर परदेशी जहाज तुमच्या धक्क्याला लागायला कचरेल, ही भीती पुरेशी होती. आपली नोकरशाही शिस्तीने काम करू शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. व्यापार थांबेल म्हटले की शिस्त येते.

पण व्यापार सुरक्षेला जसा पुढे ढकलतो, तसा तो तिला अडवतोही. २००७ साली अमेरिकेने कायदा केला की, २०१२ सालापासून देशात येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच यंत्राखालून तपासलेला असला पाहिजे. जहाज कंपन्या, आयातदार आणि अनेक देशांची सरकारे यांनी खर्च आणि खोळंबा यांचे गणित पुढे केले. मुदत आली, वाढविली गेली, पुन्हा वाढविली गेली, आणि तो नियम आजतागायत अमलात आला नाही. त्याऐवजी रूढ झाली ती जोखीम जोखून निवडक माल तपासण्याची पद्धत. ज्या व्यापाऱ्यांवर सीमाशुल्क खात्याचा विश्वास, त्यांचा माल कमी तपासणीत पुढे जायचा. आपल्याकडेही २०११ पासून अशी योजना सुरू झाली. ही पद्धत सर्वस्वी चुकीची आहे, असे मी म्हणत नाही. सगळेच उघडून पाहू म्हटले तर बंदर चालणार नाही. माझा मुद्दा एवढाच की, इथे खर्च आणि धोका यांचा हिशेब उघडपणे मांडला गेला आणि व्यापारी त्या वाटाघाटीला हजर होते. आपल्या लोकलच्या प्रवाशाला अशा वाटाघाटीला कोणी कधी बोलाविले आहे काय?

मालाच्या बाबतीत महाराष्ट्राने स्वतः एक धडा शिकला आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा स्फोट झाले, २५७ माणसे गेली. त्या स्फोटांतले आरडीएक्स रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले होते. तिथे यंत्र नव्हते म्हणून ते उतरले काय? तिथे सीमाशुल्क खाते होते, पोलीस होते. त्यांतले काही जण लाच घेऊन डोळे मिटून बसले आणि पुढे न्यायालयात दोषी ठरले. चांदीच्या तस्करीसाठी वर्षानुवर्षे तयार झालेली वाट स्फोटकांनाही उपयोगी पडली. भ्रष्टाचार हा केवळ तिजोरीचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांनी त्या २५७ जणांची आठवण ठेवावी.

हवाई वाहतुकीकडे वळू. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर स्फोटाने कोसळले. ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. बॉम्ब असलेली बॅग विमानात होती आणि ती चढविणारा माणूस विमानात नव्हता. १९९९ च्या डिसेंबरात विमान कंदाहारला पळवून नेले गेले. त्यानंतर २००० सालापासून एकेक विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आला. आज विमानाचा प्रवासी तिकिटातच सुरक्षेचे शुल्क भरतो आणि त्याची नि त्याच्या बॅगेची तपासणी होते. ज्याचा उपभोग त्याने दाम मोजावा, हे तत्त्व इथे चालते, कारण उपभोक्त्याच्या खिशात दाम आहे.

आणि आता लोकल. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, भाईंदर. १८० हून अधिक माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गावर गेलो तेव्हा निम्म्याहून अधिक बाके भरलेली होती. वर्तमानपत्रांनी याला मुंबईचे धैर्य म्हटले. एका विद्यार्थ्याला मी विचारले, तो म्हणाला, "सर, आई कामावर गेली. खाडा झाला की पगार कापतात." ज्याला घरी बसण्याची ऐपत नाही, त्याच्या असहायतेला आपण शौर्याची पदवी देऊन मोकळे होतो.

त्या खटल्याचे पुढे काय झाले? २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, असे म्हणून सर्वांना निर्दोष ठरविले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठविले नाही. हे लोक एकोणीस वर्षे आत होते, त्यांतला एक आतच वारला. मेलेल्यांच्या कुटुंबांना एकोणीस वर्षांनीही ठाऊक नाही की, आपल्या माणसाला मारले कोणी. सुरक्षेच्या कोणत्याही आराखड्यात 'प्रामाणिक तपास' हे कलम नसते. माझ्या मते ते पहिले असायला हवे. चुकीचा माणूस पकडणे हा आरोपीवर अन्याय आहेच. शिवाय खरा गुन्हेगार मोकळा राहतो, म्हणून तो प्रवाशावरही अन्याय आहे.

यावर रेल्वेचा एक युक्तिवाद असतो, आणि तो प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७० लाख प्रवास होतात. प्रत्येकाची पिशवी तपासायची म्हटली तर शहर दहा वाजेपर्यंत फलाटाबाहेरच उभे राहील, आणि त्या रांगा हेच नवे लक्ष्य ठरेल. हे मला मान्य आहे. विमानतळाची व्यवस्था लोकलला लावता येणार नाही. पण म्हणून दाखविण्यापुरती चौकट उभारावी काय? स्थानकाच्या दारातील धातुशोधक चौकट आपण सारे पाहतो. माणसे तिच्यातून जातात, ती वाजते, कोणी मान वर करीत नाही. ही सुरक्षा नव्हे, सुरक्षेचा देखावा आहे.

मग करायचे काय? २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन बंदूकधाऱ्यांनी पन्नासहून अधिक माणसे मारली. त्या रात्री अनेकांचे प्राण वाचविले ते उद्घोषणा कक्षातल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याने. हॉल दिसेल अशा जागी तो बसला होता. ध्वनिक्षेपकावरून तो प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचे ते सांगत राहिला. सुरक्षेच्या कोणत्याही अंदाजपत्रकात त्याचे नाव नव्हते. स्थानकाची खडान्‌खडा माहिती असलेला, कायम नोकरीतला, जागेवर हजर असलेला कामगार ही खरी सुरक्षा यंत्रणा आहे. आणि नेमकी तीच यंत्रणा आपण मोडीत काढीत आहोत. २०२३ साली रेल्वेत सुरक्षिततेशी थेट संबंध असलेली दीड लाखाहून अधिक पदे रिकामी होती. ज्या कंत्राटी मजुराला पुढच्या महिन्याच्या कामाची शाश्वती नाही, त्याने बेवारस पिशवीची वर्दी द्यावी आणि तीन तास चौकीत बसून रोजंदारी बुडवून घ्यावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता शेवटचा मुद्दा. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात 'अनुचित घटना' अशी एक संज्ञा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने तिची व्याख्या आली. तिच्यात दहशतवादी कृत्य आहे, दरोडा आहे, आणि त्याच ओळीत प्रवाशाचे गाडीतून पडणेही आहे. दोन्हींत रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई सारखीच. मृत्यूसाठी ती २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. कायद्याने जे एका ओळीत बसविले, ते धोरणाने मात्र वेगळे काढले. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली सांगितले की, रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. अलीकडे हा मुंबईचा वार्षिक आकडा पडून मेलेले धरूनही कमी झाला आहे, तरी ही मरणे थांबलेली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ जण गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारी माणसे गाडीतून पडून मेली. यांतल्या एकाही मृत्यूला परकीय हात नव्हता. म्हणूनच की काय, त्यांच्यासाठी कोणी आणीबाणीची बैठक बोलावीत नाही.

विमा पाहा. आरक्षित ई-तिकिटावर रेल्वेने २०१६ साली काही पैशांत दहा लाखांचा विमा दिला. लोकलचा पासधारक आणि अनारक्षित डब्यातला मजूर त्यात बसत नाही. ट्रकवाल्याच्या पावतीवर 'ओनर्स रिस्क' असे छापलेले तुम्ही रोज पाहता. माल मालकाच्या जोखमीवर जाणार, असा त्याचा अर्थ. आपल्या अनारक्षित प्रवाशाच्या तिकिटावर ते शब्द छापलेले नाहीत, पण त्याचा प्रवास त्याच अटीवर चालू आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. स्थानकावरची सुरक्षितेतची पदे कायम स्वरूपात भरावीत. एका स्थानकाची जबाबदारी एकाच अधिकाऱ्याकडे असावी, मग गणवेश कोणताही असो. गर्दी कमी करण्यावर होणारा खर्च, म्हणजे जादा गाड्या, रुंद पूल, बंद होणारी दारे, हा सुरक्षेचाच खर्च मानावा आणि तो सार्वजनिक तिजोरीतून व्हावा. पासाच्या दरात घालू नये. प्रवासी संघटना आणि कामगार संघटना यांना सुरक्षेच्या आराखड्यात बसण्याची जागा मिळावी, जशी व्यापाऱ्यांना बंदरात मिळते.

मालाला पहारा मिळू नये, असे मी म्हणणार नाही. मालातही कष्टकऱ्याचा घाम असतो. पण हरवलेल्या मालाचा दावा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी टेबलावर जाऊन पडतो. हरवलेल्या माणसाचा दावा त्याची बायको वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्यांवर घेऊन बसते. हे अंतर मिटविणे हे तुमच्या संघटनांचे काम आहे. पगारवाढीच्या मागणीपत्रात प्रवाशाच्या जिवाचे कलम जोडा. ज्या दिवशी ते जोडले जाईल, त्या दिवशी फलाटावरचा प्रवासी तुमच्या संपाला शिव्या देणार नाही.