लिस्बनमधली तार आणि आत्याचा साटा
(मंडळाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘परदेशातले अनुभव’ या विषयावर बोला, असं चिटणिसांनी सांगितलं. देवळं, पूल, रस्ते यांचे फोटो सगळेच दाखवतात, म्हणून आम्ही आज एका स्वयंपाकघरातलं सांगणार आहोत.

आमच्यापैकी एकीला कंपनीनं चार महिन्यांसाठी लिस्बनला पाठवलं आणि दुसऱ्यानं साठलेली अर्जित रजा टाकून सोबत केली. खात्यात सगळे हसले. घरात बसून माणूस किती खिडकीबाहेर बघणार? शेजारच्या गल्लीत एक साठीच्या बाई दर रविवारी सकाळी ‘पाश्तेल द नाता’ शिकवत. तिथं आम्ही दोघांनी नाव घातलं. वर्गात आम्ही धरून सहा जण. त्यातले एक निवृत्त ट्रामचालक, बायकोच्या हातची चव परत मिळते का बघायला आलेले.

नाता म्हणजे तळहातावर मावेल एवढी वाटी. बाहेरून पापुद्र्याची, आत अंड्याच्या बलकाचं दाट दुधाळ सारण, वर करपल्याचे काळे डाग. हे डाग हवेतच. वर दालचिनीची पूड भुरभुरायची आणि कडक कॉफीबरोबर दोन घासांत संपवायची.

तिचा उगम सांगतात तो बेलें भागातल्या जेरोनिमोस मठात. मठांमध्ये कपड्यांना खळ घालायला अंड्याचा पांढरा भाग लागे, मग उरलेल्या बलकांचं काय करायचं, यातून पोर्तुगालची बरीचशी मिठाई जन्मली असं म्हणतात. साखर आधी मदेइरा बेटावरून आणि पुढं ब्राझीलहून येत होती, त्यामुळं तीही कमी नव्हती. १८३४ साली सरकारनं मठ बंद केले. बेलेंमध्ये जवळच साखरेचा कारखाना आणि त्याला लागून दुकान होतं, तिथं या वाट्या विकायला आल्या. १८३७ पासून त्यांचं स्वतंत्र दुकान आहे, आजही रांग असते. ‘पाश्तेइश द बेलें’ हे नाव फक्त त्यांचं, बाकी सगळ्यांनी ‘नाता’ म्हणायचं. कृती मोजक्या माणसांनाच ठाऊक आणि ती बंद खोलीत करतात.

आता मठाचं सांगितलं तर पुढचंही सांगायला हवं. त्या मठात वास्को द गामाची समाधी आहे, आणि मठाचं बांधकाम पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या कराच्या पैशातून झालं. दगडातलं कोरीवकाम इतकं नाजूक की बांधकामातला माणूस मान वर करून उभाच राहतो. पण आपण फोंडा महालातले लोक. कुलदैवतांना रातोरात खाडी ओलांडून इकडं का आणावं लागलं, हे आपल्याला घरात आईनं सांगितलेलं असतं. आम्ही त्या दगडाचं कौतुकही केलं आणि आत फार वेळ थांबलोही नाही. दोन्ही खरं आहे.

वर्गाकडे वळू. मैदा, मीठ, पाणी एवढंच पीठ. मळून झालं की झाकून ठेवायचं, कारण ताजं पीठ लाटलं तर रबरासारखं मागं येतं. मग लाटून त्यावर मऊ लोणी फासायचं, घडी घालायची, परत लाटायचं, परत लोणी. शेवटी घट्ट वळकटी करून रात्रभर थंडीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी दोन बोटं रुंदीच्या चकत्या पाडायच्या, चकती वाटीत उभी न ठेवता कापलेली बाजू वर करून ठेवायची आणि ओल्या अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत न्यायची. तळ पातळ, काठ थोडा जाड.

हे सगळं बघताना आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. बाईंनी विचारलं, काय झालं? आता त्यांना चिरोटे कसे समजावणार! त्यांच्याकडे लोणी, आपल्याकडे तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा. त्यांची भट्टी, आपली कढई. बाकी पोळी, घडी, वळकटी, चकती, अंगठा सगळं तेच. स्निग्ध थर दोन पापुद्र्यांना चिकटू देत नाही आणि पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती पापुद्रे उचलते. तत्त्व एकच. कुणी कुणाकडून घेतलं हे विचारू नका. आपापल्या स्वयंपाकघरात हाताला ते सापडलं असणार, असं आम्हाला वाटतं.

खरी गंमत पाकाला झाली. दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची साल घालून बाईंनी पाक चढवला. नातासाठी तो साधारण १०५ अंशांवर उतरवतात. थर्मामीटर टेबलावर होता, पण बाईंनी चमच्यावरचा थेंब गार करून दोन बोटांत धरला, बोटं लांब केली आणि म्हणाल्या, ‘पोंतु द फियु’. फियु म्हणजे धागा. म्हणजे आपली तार! पुढच्या पाकाला त्या मोत्याचा पाक म्हणतात, कारण तारेच्या टोकाला मोत्यासारखा थेंब लोंबतो. आणखी आटला की ‘श्त्रादा’, म्हणजे रस्ता. भांड्याच्या तळावरून चमचा ओढला की मागं रस्ता दिसतो. सार्वजनिक बांधकाम खात्यात वीस वर्षं काढली, पण न खचणारा रस्ता तिथं पहिल्यांदा पाहिला.

शब्दांचं काय सांगावं. बटाटा, कोबी, चावी, पगार, परात हे सगळं तिकडचंच, आपण रोज वापरतो. फळीवर एक जुनं लाकडी भांडं होतं. बाई त्याला ‘गामेला’ म्हणाल्या. सायटीवर ज्यातून खडी वाहतो ते आपलं घमेलं!

या पाकाची हकिगत आम्ही रात्री आत्याला फोनवर सांगितली. आत्या आता ८४ वर्षांची आहे. तुमच्यातल्या ज्येष्ठांच्या घरीही हेच असेल: पाव विहिरीत टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी तिच्या आजीनं तिला सांगितलेल्या. संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजला की आम्ही मुलं पाव घ्यायचो, पण तो पडवीतच खायचा. तिच्या स्वयंपाकघराचा उंबरा पावानं आजवर ओलांडला नाही. तेव्हा लिस्बनमध्ये अंड्याची मिठाई शिकतोय हे कसं घेईल, याची धाकधूक होती.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “ती बाई तार कशी बघते? बोटांत धरून की काचेच्या नळीनं?”

“बोटांत धरून.”

“आणि लोणी लावल्यावर पीठ किती वेळ ठेवते?”

पुढचे तीन रविवार तिचे प्रश्न आम्ही बाईंना आणि बाईंची उत्तरं आत्याला सांगत होतो. बाईंनी शेवटी विचारलं, ती साटा किती घेते? आत्या म्हणाली, मूठभर. बाईंना ग्रॅममध्ये हवं होतं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं वजन वहीत लिहिलेलं, कारण त्यांच्या आईच्या हातची एक मिठाई आईबरोबर गेली. बाई एवढंच बोलल्या आणि वाटी विसळायला वळल्या.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही स्वयंपाकघराचा काटा घेऊन आत्याकडे गेलो. तिचा हात आता कापतो, लाटणं फार वेळ धरवत नाही. ती सांगत होती, आम्ही करत होतो. तिची मूठ भरली की काट्यावर. तिला हा प्रकार मुळीच आवडला नाही. “चिरोटे करताय की सिमेंट मोजताय?” असं तिनं दोनदा ऐकवलं. तरी आम्ही मोजलं. तिची तांदळाच्या पिठाची मूठ पाच वेळा भरली. सर्वांत कमी ४१ ग्रॅम, सर्वांत जास्त ४४. हात कापतो त्या बाईची मूठ! तूप मात्र मोजून सांगता येत नाही. साटा हातावर घेऊन पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे, तोवर फेसत राहायचं. हे वहीत तसंच लिहिलंय.

नाताचं म्हणाल तर इथल्या घरगुती ओव्हनमध्येही २५० अंशांवर चांगली होते. श्रावण संपला की खाणाऱ्यांनी जरूर घरी यावं.

चवथीच्या आधीच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, आत्या मंडळाच्या सभागृहात खुर्चीवर बसून नेवऱ्यांची मुरड आणि चिरोटे दाखवणार आहे. तिच्या दोन अटी आहेत: वहीवाल्यांनी पुढं बसू नये, आणि पुरुषांनी नुसतं खायला येऊ नये. मैदा, तूप मंडळाचं. पोळपाट-लाटणं ज्याचं त्यानं आणावं, आणि शक्य असेल त्यांनी एखादी परातही.