थोरलीचेही नऊ महिने
(ट्रस्टच्या बालवर्गातील पालकांपुढे दिलेले भाषण)



महोत्सवी वर्षाच्या या मेळाव्यात ‘दुसऱ्या अपत्याची वाट पाहताना’ या विषयावर बोलण्याची चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही पडलो आठवी-नववीला गणित शिकवणारे. बालसंगोपनावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, नाहीतर घरच्या आजीचा. परंतु समोर पाहतो तो पुष्कळ भगिनी कडेवर एक आणि पोटात एक अशा बसल्या आहेत, आणि त्यांच्या घरची पुरुष मंडळी मात्र बाहेर चहाच्या टेबलापाशी उभी आहेत. त्यांना कोणी आत बोलावील तर बरे. आमचे बरेचसे बोलणे त्यांच्यासाठीच आहे.

आमची थोरली मार्च 2013 ची. जानेवारी 2015 मध्ये तिच्या अम्मीला पुन्हा दिवस गेले. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी निदान 24 महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आमचे दोन महिने कमी पडले. गणिताच्या मास्तराचा हिशेब चुकला, असे सहकाऱ्यांनी म्हणून घेतलेच. तपासणीत हिमोग्लोबिन 8.6 निघाले. गर्भवतीचे ते 11 च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे समजतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पण गोळी आणि चहा यांची वेळ आमच्या घरी एकच होती, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही, हे आम्हां दोघा पदवीधरांना कळायला दोन महिने गेले.

थोरली अजून अंगावर पीत होती. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितले, “दिवस गेल्यावर दूध विषारी होते, आजच तोडा.” दादीचेही मत तेच. आमच्या धर्मग्रंथात पुरती दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि डॉक्टरही दोन वर्षे किंवा त्याहून अधिक पाजा असेच सांगतात. दूध विषारी वगैरे होत नाही. ते कमी होते, चव बदलते, आणि पुष्कळ मुले आपणहून सोडतात. पूर्वी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झालेले असेल किंवा रक्त जात असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी घाई करू नका म्हणून सांगितले. दिवसाचे एकेक पाजणे कमी करीत एप्रिलअखेर ते सुटले.

सुटलेल्या दुधाच्या जागी काय येते, हा खरा प्रश्न. पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. दुधावरून उठवून निव्वळ मक्याच्या पेजेवर ठेवलेली मुले त्यांना दिसत. त्या मुलांचे हातपाय सुजलेले, केस तांबूस झालेले, अंगाची कातडी निघत असलेली. तिथल्या गा भाषेत या आजाराला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. पुढचे मूल आले म्हणजे आधीच्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ बाईंना तिथल्या बायकांनी सांगितला. 1935 साली बाईंनी हा शब्द वैद्यकाच्या जगापुढे ठेवला आणि तो आजही पुस्तकांत आहे. आमच्या मनात तो घर करून राहिला. भाताच्या पेजेवर भागवायचे नाही असे ठरले. घट्ट वरण, अंडे, मोड आणलेल्या नाचणीची खीर, दाण्याचे कूट यांपैकी काही ना काही रोज थोरलीच्या ताटलीत पडू लागले.

एवढे आम्ही विचारून, वाचून केले. दुसऱ्या एका बाबतीत मात्र सपशेल नापास झालो.

मेमधल्या सोनोग्राफीत वार खाली असल्याचे दिसले. बहुतेकींची ती पुढे वर सरकते. तोवर जड उचलायचे नाही, असे बजावले होते. जड म्हणजे पाण्याची घागर, असे आम्ही धरून चाललो. साडेअकरा किलोंची मुलगी त्यात धरली नाही. जूनच्या मध्याला बेळगावात पाऊस लागला. ओल्या पायरीवर थोरली घसरली, अम्मीने धावत जाऊन तिला उचलले, आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास रक्त जाऊ लागले. उचलल्यामुळेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत. आमच्या मनातून ते गेलेले नाही.

रिक्षा आली. थोरली गाढ झोपेत होती. जागी झाली तर आकांत करील म्हणून आम्ही दोघे चपला हातात घेऊन घराबाहेर पडलो.

रुग्णालयात चार दिवस गेले. लहान मुलांना आत सोडायचे नाही असा तिथला नियम. पहिल्या दिवशी थोरलीने अम्मीला घरभर शोधले; मोरीत पाहिले, पलंगाखाली पाहिले. दुसऱ्या दिवशी शोधणे थांबवले, तेव्हा मूल रुळले असे दादीला वाटले, आणि आम्हांलाही. शाळेत आम्ही अभिमानाने सांगितले की, मुलगी शहाणी आहे, रडतसुद्धा नाही. पाचव्या दिवशी अम्मी घरी आली, तिने हात पुढे केले, तर थोरलीने तोंड फिरवले आणि दादीच्या पदराआड गेली. त्या रात्रीपासून ती झोपेना. अम्मीच्या ओढणीचे टोक मुठीत धरून उघड्या डोळ्यांनी पडून राही. अंथरूण ओले करण्याची गेलेली सवय परत आली, आणि जुलैच्या पावसात चादरी वाळत नव्हत्या. अशाच एका सकाळी आम्ही तिच्यावर ओरडलो. सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

बी.एड्.ला बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही दिलेला होता. आता जुन्या वह्या काढल्या. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या इंग्लंडमधल्या दांपत्याने 1969 मध्ये जॉन नावाच्या सतरा महिन्यांच्या मुलावर चित्रपट काढला. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी इस्पितळात, आणि जॉन नऊ दिवस निवासी बालगृहात. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, पण पाळीपाळीने बदलत. जॉन आधी एखादीला धरून राहू पाहतो, मग रडतो, जेवण नाकारतो. आई न्यायला येते तेव्हा तो तिच्याकडे जायला तयार होत नाही. याच दांपत्याने आणखी चार लहान मुले एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. त्यांच्या घरच्या सवयी विचारून घेतल्या, आईचा विषय बोलण्यात ठेवला, सांभाळणारे माणूस बदलले नाही. ती मुलेही कष्टी झाली, पण जॉनसारखी कोसळली नाहीत. गप्प मूल म्हणजे शहाणे मूल, हा आमचा समज तेव्हापासून गेला. वर्गातल्या गप्प मुलांकडेही आम्ही आता निराळ्या नजरेने पाहतो.

जुलैपासून थोरलीची आंघोळ, भरवणे आणि झोपवणे ही तीन कामे आम्ही, म्हणजे तिच्या अब्बाने, घेतली. बंधूंनो, ती आधीच घेतली पाहिजेत. बाळ आल्याच्या दिवशी घेतली, तर बाळाने आपली अम्मी नेली असाच अर्थ मूल करील. पहिले आठ दिवस तिने आमच्या हातचा घास थुंकून टाकला. नवव्या दिवशी खाल्ला. वेणी मात्र आम्हांला आजतागायत नीट जमलेली नाही.

“आता तुझे लाड संपले बरे का,” अशी थट्टा येणारे-जाणारे करीत. त्यांना आम्ही दारातच हात जोडले. दोघे-तिघे रुसले. रुसू द्यावे. “भाऊ हवा ना?” असे विचारणाऱ्यांना दादीच परस्पर उत्तर देई, “जे येईल ते आमचेच.”

ऑगस्टच्या तपासणीत वार वर सरकलेली दिसली. तारीख सप्टेंबरअखेरची होती. अडीच वर्षांच्या मुलीला सप्टेंबर काय कळणार? आम्ही सांगितले, गणपती येतील, गणपती जातील, मग बाळ येईल. बेळगावच्या पोराला यापेक्षा नेमकी खूण दुसरी नाही. 17 सप्टेंबरला चतुर्थी झाली, आणि समोरच्या काकूंचा गणपती आहे की गेला, हे ती दिवसातून चार वेळा बघून येऊ लागली. पाचव्या दिवशी तो गेला. संध्याकाळी थोरली, बाळ कुठे आहे, म्हणून उंबऱ्यावर हटून बसली. गल्लीतला मोठा गणपती अजून आहे, अशी मुदतवाढ आम्हांला मागून घ्यावी लागली.

29 च्या पहाटे कळा सुरू झाल्या. या खेपेस आम्ही थोरलीला उठवले. अम्मीने तिला जवळ घेऊन सांगितले, “बाळ आणायला जाते. तू दादीजवळ झोप. अब्बा रात्री येतील. मीही परत येईन.” आणि आपली ओढणी तिच्याजवळ ठेवली. थोरली रडली, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यावे इतकी रडली. ते रडणे ऐकून आम्हांला बरे वाटले. रोज संध्याकाळी फोनवर अम्मीचा आवाज ऐकवला. त्यावरही ती रडे, आणि मग जेवे.

तीन दिवसांनी रिक्षा दाराशी आली. बाळ खालाच्या हाती द्यायचे आणि अम्मीचे हात रिकामे ठेवायचे, हे आधीच ठरले होते. अम्मी उंबऱ्यावरच बसली. थोरली दाराच्या फळीआड उभी होती. बराच वेळ उभी राहिली. मग आली, अम्मीच्या मांडीवर बसली, ओढणीचे टोक मुठीत धरले, आणि खालाच्या हातातल्या दुपट्याकडे बोट करून तिने विचारले, “हा आता कधी जाणार?”