शांत बसणं परवडत नाही

(मंडळाच्या कार्यक्रमात 'हाउ टू सर्व्हाइव्ह अ प्लेग' हा माहितीपट दाखवल्यानंतर केलेलं भाषण)



चहा तयार आहे, हे मला ठाऊक आहे. तेव्हा थोडक्यात बोलतो.

आत्ता आपण पाहिलेला माहितीपट पत्रकार डेव्हिड फ्रान्स यांनी २०१२ साली केला. त्यातली बरीचशी दृश्यं त्या काळी आंदोलनातल्याच लोकांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलेली आहेत. मार्च १९८७ मध्ये न्यूयॉर्कला 'ॲक्ट अप' ही संघटना उभी राहिली. त्याच महिन्यात एड्सवरच्या पहिल्या औषधाला, एझेडटीला, मंजुरी मिळाली. वर्षाचा खर्च सुमारे १०,००० डॉलर! १४ सप्टेंबर १९८९ ला पीटर स्टेली आणि त्याचे साथीदार खोटे बिल्ले लावून शेअर बाजारात शिरले, सज्जाला स्वतःला साखळीनं बांधून घेतलं आणि भोंगे वाजवले. चारच दिवसांत कंपनीनं किंमत २० टक्क्यांनी उतरवली.

मी तेव्हा इथे न्यू जर्सीत दुसऱ्या एका औषध कंपनीत नवा केमिस्ट होतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही म्हणायचो, "या आरडाओरडा करणाऱ्यांना औषधांच्या चाचण्यांमधलं काय कळतं?"

त्यांना कळत होतं. पूर्वी केमिस्ट असलेल्या, क्वीन्समध्ये राहणाऱ्या आयरिस लाँग या बाईंनी त्यांना सगळं शिकवलं. ऑक्टोबर १९८८ मध्ये त्यांनी एफडीएच्या इमारतीला घेराव घातला, तो नेमक्या मागण्या घेऊन. औषधं लवकर द्या, मरणाच्या दारातल्या माणसाला चाचणीत खोटी गोळी देऊ नका. १९९६ साली एकत्र घ्यायची प्रभावी औषधं आली, पण यातले कितीतरी चेहरे तोवर गेले होते.

पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लानं तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. बड्या कंपन्यांचा भाव तेव्हा १०,००० च्या वर होता. हे सांगताना आपली मान ताठ होते. माझी मात्र पूर्ण होत नाही.

माझा शाळेतला मित्र १९९५ साली मुंबईत गेला. आईनं पत्रात लिहिलं, "टीबी झाला होता म्हणे." त्या 'म्हणे'चा अर्थ मला कळला. तरी त्याच्या आईला मी चार ओळी लिहिल्या नाहीत. काय लिहायचं, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

गेल्या खेपेला काकूंना भेटून आलो. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मी त्याच्या शाळेतल्या खोड्या सांगितल्या. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "त्याचं नाव या घरात कुणी घेतच नाही रे."

मंडळी, आपल्यापैकी कुणी शेअर बाजारात भोंगे वाजवणार नाही. पण आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात असं न घेतलेलं नाव असेल. जेवायला बसायच्या आधी एक फोन करा.