हजाराच्या नोटेवरचा न्यायाधीश

माझा धाकटा चुलतभाऊ बरीच वर्षं बोटीवर होता. आमच्या रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यांत दर्यावर पोट भरणारी माणसं पुष्कळ. आणि बोट कुठल्याही देशाची असो, तिच्यावर फिलिपिनो खलाशी भेटायचेच. अशाच एका सोबत्यानं त्याला निरोपाची भेट म्हणून हजार पेसोची नोट दिली. ती माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "भाई, हे तिघं कोण? तुम्ही तर बी. ए. झालात."

मला सांगता आलं नाही. मग शोधत गेलो. नोटेवर दोन पुरुष आणि एक स्त्री. जनरल विसेंते लिम, समाजसेविका होसेफा यानेस एस्कोदा आणि होसे आबाद सांतोस. तिघांनाही दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ठार मारलं. त्यातले आबाद सांतोस हे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश. मी त्यांच्यापाशीच थांबलो.

जन्म १८८६ चा, पाम्पांगा प्रांतातला. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन कायदा शिकले. परत येऊन सरकारी वकिलीपासून चढत चढत न्यायखात्याचे सचिव झाले. तेव्हा फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं. १९२३ मध्ये अमेरिकन गव्हर्नर जनरल लेनर्ड वुड यांच्याशी खटका उडाला आणि मंत्रिमंडळातल्या फिलिपिनो सचिवांनी राजीनामे दिले. त्यात हेही होते. १९३२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. थोरले भाऊ पेद्रो मात्र शेतकऱ्यांचे समाजवादी पुढारी. एकाच घरातल्या दोन भावांच्या दोन वाटा. आपल्याकडे काय कमी घरांत हे घडलं?

१९४१ च्या डिसेंबरात जपानी फौजा आल्या. २४ डिसेंबरला अध्यक्ष मानुएल केसोन मनिला सोडून कोरेहिदोर बेटावर गेले. त्याच दिवशी आबाद सांतोस सरन्यायाधीश झाले. न्यायालय मनिलात, सरन्यायाधीश बेटावर! पुढे केसोन देश सोडून निघाले, तेव्हा यांनाही सोबत जाता आलं असतं. ते मागे राहिले. जो मुलूख अजून जपान्यांच्या हाती गेला नव्हता, तिथला कारभार केसोन यांनी त्यांच्यावर सोपवला. ११ एप्रिल १९४२ रोजी सेबू बेटावर कारकारजवळ ते पकडले गेले. सोबत मुलगा पेपितो होता.

जपान्यांना हा माणूस मेलेला नव्हे, आपल्या बाजूला हवा होता. आमच्या राजवटीला साथ द्या, एवढंच मागणं. त्यांनी नकार दिला. अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेतली आहे, ती मोडता येणार नाही, म्हणाले. इथं मी अडखळतो. ज्या परक्या सत्तेच्या गव्हर्नराशी भांडून राजीनामा दिला, तिच्याच शपथेसाठी जीव द्यायचा? पण शपथ आपल्या तोंडून निघालेली असते. ती कुणापुढे घेतली, यानं तिचं वजन कमी होत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

त्यांचेच सहकारी न्यायाधीश होसे लॉरेल १९४३ मध्ये जपानपुरस्कृत प्रजासत्ताकाचे अध्यक्ष झाले. त्यांना गद्दार म्हणणं सोपं आहे. पण मनिलात थांबा, असं त्यांना केसोन यांनीच सांगितलं होतं. पुढे १९५१ मध्ये लोकांनी त्यांना सिनेटवर निवडूनही दिलं. मला त्यांचा निवाडा करायचा नाही.

आबाद सांतोस यांना मिंदानाओ बेटावर मालाबांगला नेलं. मारानाओ मुसलमानांचा तो मुलूख. मे महिन्याच्या सुरुवातीला शिक्षा सांगण्यात आली आणि मुलाला शेवटचं भेटू दिलं. पेपितो रडू लागला. बापानं त्याला समजावलं की रडू नकोस, या लोकांना दाखव की तू शूर आहेस. देशासाठी मरण्याची संधी सगळ्यांनाच मिळत नाही. मग बाप गेला आणि थोड्या वेळानं मुलाला बंदुकांचा आवाज ऐकू आला. मुलगा वाचला, म्हणून हे शब्द आपल्यापर्यंत पोचले. सरन्यायाधीशांचे अवशेष मात्र सापडले नाहीत.

२०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं हजाराची नवी प्लास्टिकची नोट काढली. तिच्यावर तिघांच्या जागी गरुड आला. हुतात्म्यांच्या नातेवाइकांनी हरकत घेतली. जुन्या कागदी नोटाही चालतील, असं बँकेनं सांगितलं. मी हे चुलतभावाला फोनवर कळवलं. आता तो घरीच असतो. क्षणभर काही बोलला नाही, मग म्हणाला, "भाई, आपली ती नोट पुस्तकात घालून ठेवा. कपाटात वाळवी लागेल."