बेटावरची आमची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची सवय मला नाही. हळदीकुंकवाच्या वेळी गप्पा मारताना मी अंदमानची हकीकत सांगितली, ती ऐकून कार्यकारिणीने फर्मान काढले की, तुम्ही वर्धापनदिनाला हेच सांगा. पण नुसते काय पाहिले ते नको, मुलेबाळे आणि म्हातारी माणसे घेऊन बेटावरची सहल आखायची कशी, ते सांगा. तेव्हा आज मी प्रवासवर्णन करणार नाही. घरातली बाई जशी कार्याची यादी करते, तशी आमची यादी तुमच्यापुढे वाचणार आहे. त्यात चुकाही आहेत. त्या तुम्ही करू नयेत म्हणूनच सांगते.

प्रथम आम्ही का गेलो ते सांगायला हवे. 2019 सालच्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, ते आपणांपैकी कोणीच विसरलेले नाही. आमचे घर नदीकाठचे. आम्हांला वरच्या मजल्यावरून नावेतून काढले. माझा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली, आणि घरातली मोठी माणसे दिवसरात्र तेच बोलत राहिली. मुले ऐकत असतात ह्याचे भान आम्हांला राहिले नाही. पूर ओसरला, घराच्या भिंती आम्ही पुन्हा रंगवल्या. पण मुलाच्या मनातले पाणी काही ओसरले नाही. पुढे तो घाटावर यायचा नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर सगळी भावंडे नावेत बसली, हा काठावर माझा पदर धरून उभा. 2021 साली पुन्हा पाणी चढले, तेव्हा तर रात्र रात्र तो झोपला नाही.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "ह्याला पाणी दाखवा. आपण ह्याला फक्त पूर दाखवलाय." ह्या एका वाक्यातून आमची सहल निघाली.

आता बेट अंदमानच का? मालवणचा सिंधुदुर्ग आपल्याला जवळ, आणि तोही बेटावरच; ज्यांना दोनच दिवस आहेत त्यांनी खुशाल तेथे जावे. पण सासूबाईंची एक इच्छा होती. बाबाराव सावरकरांनी 1945 साली आपल्या सांगलीतच देह ठेवला. सासूबाईंच्या माहेरी त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाई. ज्या तुरुंगात त्यांनी आणि तात्यारावांनी वर्षानुवर्षे काढली, तो डोळ्यांनी पाहावा, असे त्यांच्या मनात फार दिवस होते. तेव्हा नातवाचे पाणी आणि आजीचे तीर्थ, अशी दोन्ही कामे एका प्रवासात करायचे ठरले. साताऱ्याची माझी आईही आमच्याबरोबर निघाली. तिला मात्र ना तुरुंग पाहायचा होता, ना समुद्र. तिला विहीणबाईंना एकटे सोडायचे नव्हते इतकेच.

यादीतली पहिली गोष्ट पैसा. आमच्या भिशीचे दोन वर्षांचे पैसे मी ह्यासाठी बाजूला टाकले होते. सहा माणसांच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा विमानाच्या तिकिटांचा निघाला. म्हणून तिकिटे चार महिने आधी काढली, आणि खर्चाचा दहावा भाग पाकिटात वेगळा ठेवला. त्या पाकिटाला "अडीअडचण" असे नाव दिले. चेन्नई, कलकत्ता आणि विशाखापट्टण येथून जहाजेही जातात. पण त्यांना दोन-तीन दिवस लागतात, आणि ज्याला पाण्याचीच धास्ती त्याला आधीच तीन दिवस पाण्यावर ठेवणे म्हणजे औषधाऐवजी दुखणे देणे. आम्ही सांगलीहून मोटारीने निघालो, वाटेत साताऱ्याला आईला घेतले, पुण्याहून विमानाने चेन्नई आणि तेथून पोर्ट ब्लेअर. ह्या शहराचे नाव 2024 च्या सप्टेंबरपासून श्री विजय पुरम् झाले आहे. बेटांची नावेही 2018 साली बदलली: हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप, रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. तिकिटे काढताना जुनी-नवी दोन्ही नावे ठाऊक असली म्हणजे घोटाळा होत नाही.

दुसरी गोष्ट ऋतू. आपला पाऊस आणि तिकडचा पाऊस ह्यांत फरक आहे. तेथे मे महिन्यापासून पाऊस लागतो, आणि आपल्याकडचा थांबला तरी तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातही येतो. वाऱ्यापावसात बोटी रद्द होतात. म्हणून डिसेंबर ते एप्रिल हे दिवस बरे. आम्ही 2025 च्या जानेवारीत, संक्रांत करून निघालो.

तिसरी गोष्ट तयारी, आणि ही मी सर्वांत महत्त्वाची मानते. दोघी आज्यांनी तीन महिने रोज सकाळी चालण्याचा नेम धरला. आमराईत दोन फेऱ्यांपासून सुरुवात केली. डॉक्टरांकडून तपासून घेतले, रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट घेतल्या, त्यांतल्या निम्म्या हातातल्या पिशवीत ठेवल्या. आणि मुलाची तयारी? दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याला बामणोलीला नेले. शिवसागर जलाशयाचे पाणी संथ. पहिल्या दिवशी तो नावेत बसला नाही, आम्ही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी नावाड्याने त्याच्या अंगात तरंगण्याचे जाकीट घातले आणि ते कसे तरंगवते ते बादलीभर पाण्यात दाखवले. मग तो बसला. डोळे मिटून का होईना, पण बसला. भगिनींनो, मोठ्या कार्याआधी आपण घाणा भरतो ना, तसा हा आमचा घाणा.

आता चूक सांगते. आपल्या आणि अंदमानच्या घड्याळात फरक नाही. पण सूर्याला ते कोण सांगणार? ती बेटे इतकी पूर्वेला आहेत की जानेवारीत तेथे सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. आपल्याकडे सहा वाजून गेल्यावरही उजेड असतो, त्या हिशेबाने मी पहिल्या दिवशी "चहापाणी करून निवांत तुरुंग पाहू" असे लिहून ठेवले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा आत जाण्याची वेळ संपत आली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. तेव्हा ध्यानात ठेवा: तेथे दिवस लवकर सुरू करायचा आणि लवकर आवरायचा. काय कोणत्या दिवशी बंद असते, तेही आधी विचारून घ्यायचे.

सेल्युलर जेल 1896 ते 1906 ह्या काळात बांधला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. एका इमारतीतल्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात राहिले, पण भेट दुर्मीळ. सासूबाई कोलूपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "येसूवहिनींना हे पाहायलासुद्धा मिळालं नाही गं." बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी. त्यांनी नाशिकला बायकांची संघटना उभी केली होती, आणि पतीची पुन्हा भेट न होताच 1919 साली त्या गेल्या. कोठड्या पाहताना आपण कैद्यांचा विचार करतो. घरी वाट पाहणाऱ्यांची कोठडी कोणी दाखवत नाही. माझी आई, जिला तुरुंग पाहायचा नव्हता, तीच पायरीवर बसून डोळे पुसत होती.

दुपारी बोटीने स्वराज द्वीपला गेलो. दोन-अडीच तासांचा प्रवास. बोट लागू नये म्हणून गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आम्ही पोटात थोडे कोरडे खाल्ले होते, आणि सांगलीचे भडंग त्या कामी फार उपयोगी पडले. मुलगा खिडकीपासून दूर, मधल्या बाकावर बसला. एक हात माझ्या हातात, दुसरा आजीच्या.

तिसऱ्या दिवशी आमचे हे आणि थोरली मुलगी पाण्याखाली बुडी मारायला गेली. ह्याला पोहता यावे लागत नाही, शिक्षक बरोबर असतो. पण दमा, हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने ते करू नये. आणखी एक नियम: बुडी मारल्यावर निदान एक दिवस विमानात बसायचे नाही, शरीराला ते अपायकारक. म्हणून बुडी सहलीच्या आरंभी ठेवावी, शेवटच्या दिवशी कधीच नाही. ज्यांना आत जायचे नाही त्यांच्यासाठी तळाला काच असलेली नाव असते. दोघी विहिणी तीत बसून मासे आणि प्रवाळ पाहून आल्या आणि संध्याकाळभर भांडल्या, की निळा मासा आधी कोणी पाहिला.

तोंडाला नळी लावून उथळ पाण्यावर पालथे तरंगायचे, तेवढे मुलासाठी योजले होते. नाव ठरलेली, पैसे भरलेले. तो गुडघाभर पाण्यात गेला आणि थरथरत परत आला. ह्यांच्या तोंडून निघून गेले, "इतक्या लांब ह्यासाठीच आलो ना?" मुलगा दिवसभर जेवला नाही. भगिनींनो, त्या रात्री मला वाटले, आपण उगाच आलो.

पण आमच्या यादीत एक रिकामा दिवस होता. तो मी ठेवला होता बोट रद्द झाली तर म्हणून. पुष्कळ मंडळी सहा दिवसांत पाच बेटे बसवतात; आम्ही दोनच बेटे धरली आणि एक दिवस कोराच सोडला. ह्यांनी त्यावरून मला चिडवलेही होते. चौथा दिवस तो. काही ठरलेले नाही, कोणी कोणाला "चल" म्हणत नाही. राधानगरच्या किनाऱ्यावर, जेथे पाण्यात जायला परवानगी आहे तेथेच, सासूबाई नऊवारीचा ओचा खोचून पाण्यात उभ्या राहिल्या. अंदमानात काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. रक्षक सांगतील त्याच जागी उतरावे. लाट आली की सासूबाई हसत, आणि मागे सरत. शेवटी त्यांनीच हाक मारली, "अरे, मला धर, पडेन मी." मुलगा धावत गेला, आजीला सावरायला. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आले की तो कमरेइतक्या पाण्यात आहे. आम्ही कोणी काही बोललो नाही. दुपारी तो आपण होऊन म्हणाला, "ती नळी उद्या सकाळी मिळेल का?"

ती मिळाली. परतीच्या बोटीच्या आधी अर्धा तास तो जाकीट घालून पाण्यावर तरंगला. वर येऊन म्हणाला, "आई, खालचं दिसतं. आपल्याकडे पुरात काहीच दिसत नव्हतं." त्याची भीती कशाची होती, ते मला तेव्हा पाच-साडेपाच वर्षांनी कळले.

थोड्या शेवटच्या सूचना. किनाऱ्यावरचे प्रवाळ घरी आणायचे नाही. कायद्याने मनाई आहे. आमच्या मुलीने एक तुकडा देव्हाऱ्यासाठी उचलला होता, तो सासूबाईंनीच परत ठेवायला लावला. जारवांच्या राखीव भागातून जाणाऱ्या रस्त्यावर थांबणे, त्यांचे फोटो काढणे, त्यांना खाऊ देणे हा गुन्हा आहे. आणि माणसे म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. सर्वांची ओळखपत्रे आणि थोडी रोकड जवळ ठेवावी. कपड्यांविषयी पुष्कळजणी विचारतात: लवकर वाळणारे कपडे घ्या, लाजेपायी पाण्यात न उतरण्याइतके ते किनारे दूर नाहीत.

आज मुलगा जलतरण तलावावर जातो. नदीला पूर पुन्हा येईल. आपण सांगलीकर आहोत, ते आपल्याला चुकणार नाही. पण तेव्हा घरात एक पोहणारा असेल, आणि घाबरलेले पोर आपल्यात आहे ह्याची जाणीव असलेली मोठी माणसेही असतील.

सहल आखताना तिकिटे, औषधे, पैसे सगळे लिहा. पण एक दिवस कोरा सोडा. आमची सहल त्याच दिवशी झाली.