घरपट्टीची पावती

अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत दोनच कागद जपून ठेवलेले असत: निकाहनामा आणि घरपट्टीच्या पावत्या. पावतीनं मालकी सिद्ध होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण आपण या गावचे आहोत हे दाखवायला त्यांना तीच पुरेशी वाटे.

पुढाऱ्यांना मात्र ही पट्टी अडचणीची. जकात मालाच्या किमतीत लपायची, गिऱ्हाइकाला दिसायची नाही. घरपट्टीचं बिल नावानिशी दारात येतं. मग वाढ करायला कोण धजेल?

मुंबईचंच पाहा. भाडेनियंत्रणामुळं जुन्या चाळींची भाडी गोठली आणि भाड्यावर बेतलेली पट्टीही गोठली. शेजारच्या नव्या इमारतीला मात्र जबर आकारणी. २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आला, तरी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना वाढीतून वगळलं; २०२२ मध्ये त्यांचा कर माफच झाला. गरिबाला सवलत हवीच, त्यात वाद नाही. पण ही सवलत फुटांवर मोजलेली, किमतीवर नव्हे. धारावीतली खोली आणि कफ परेडचा छोटा फ्लॅट एकाच मापात!

त्यातच २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि महापालिका राज्य सरकारच्या भरपाईवर आली.

आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं की अब्बा नगरसेवकाकडे जात. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. खिशातून पावती काढून ते टेबलावर ठेवत आणि खुर्ची ओढून बसत.